गाळनी माय

आमची देवी गाळातून निघाली. म्हणजे काढली मी, पण कुणी विचारलं तर ती आपली आपण निघाली असंच सांगायचं ठरलं होतं.

साठचं दशक सरत आलं होतं. त्या पावसाळ्यात तापीचं पाणी सुरतेच्या कतारगामात शिरलं आणि आमच्या चाळीच्या खोल्यांमधून आरामात फिरून गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही परत आलो, तर घरोघर काळा चिकट गाळ. त्यात चूल, त्यात पाटा-वरवंटा, एका खोलीत कुणाची तरी फुगलेली शेळी. चाळीमागच्या विणकामाच्या खात्यातले माग बंद पडले होते, त्यामुळे आमच्या जन्मात पहिल्यांदाच तिथे एकमेकांचं बोलणं न ओरडता ऐकू येत होतं. मोठी माणसं पाट्या भरभरून गाळ उपसत होती आणि शाळेला सुट्टी होती. मी अकरा वर्षांची होते आणि मला कुणी कशाला हात लावू देत नव्हतं, कारण मी कामापेक्षा पसाराच जास्त करायचे.

शेजारच्या खोलीतली मुलगी माझ्याहून वर्षाने मोठी. तिची आई बाळंतपणाला गावी, खानदेशात गेली आणि तिकडेच वारली. बाळही गेलं. तेव्हापासून बापाचा स्वयंपाक, पाणी, धुणं सगळं तिच्याकडे. त्या दिवशी ती पाटी पालथी करून तिच्यावर बसली आणि म्हणाली, "आते सगळं नवंच करनं पडी." मी म्हटलं, पहिल्यांदा असंच असणार. आधी नुसता गाळ होता. ती म्हणाली, "मंग?"

त्या 'मंग'ने सगळं सुरू झालं. गोष्ट सांगणाऱ्याला दुसरं काही लागत नाही.

आमच्या घरात देव नव्हते. आम्ही बौद्ध. बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा आजीचे देव फडक्यात बांधून नदीत सोडले होते आणि सुरतेला मिलच्या बॉयलरवर कामाला येताना सोबत फक्त पुस्तकं आणली होती. त्यामुळे मला देवांची भीतीच नव्हती. तिच्या घरी मात्र देव्हारा होता, श्रावणात कानबाई बसायची, रोट व्हायचे, आणि प्रत्येक देवीचं काही ना काही करावं लागायचं. तिला अशी देवी हवी होती, जिचं काहीच करावं लागत नाही. मला फक्त भयानक हवी होती.

मग आम्ही ती केली. आधी गाळ आणि त्यात ती एकटी, आंधळी, कारण बघायला काही नव्हतंच. तिला भूक लागली. खायला काही नव्हतं म्हणून तिने आधी स्वतःचे पाय खाल्ले. म्हणून ती चालत येत नाही, पाण्यावरून येते. पाय पचले नाहीत, ओकारी झाली, ती जमीन. अंगाची कात टाकली, ते आभाळ. मग तिला सात पोरं झाली आणि सहा तिने खाल्ली. इथवर माझं होतं, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

तोंड मात्र शेजारच्या मुलीने ठरवलं. "तिनं तोंड तोंडवर नको," ती म्हणाली. "तळहातवर जोयजे. दोन्ही तळहातवर." मी विचारलं, का? तिने नुसता माझ्यासमोर उघडा पंजा धरला आणि मला ते एकदम पटलं. मग सातवं पोर कसं वाचलं, तेही तिनेच सांगितलं. त्या पोराच्याही तळहातांवर तोंडं होती. देवीने हात पुढे केले तेव्हा त्याने आपले हात जोडले. तोंडं मिटली. देवीला वाटलं, हे आपलं नव्हे, आणि तिने त्याला सोडलं. माणसं हात जोडतात ती तेव्हापासून.

त्याचा खेळ झाला. ती देवी. बाकीची पोरं कुणी सूर्य, कुणी म्हैस, कुणी नुसताच डोंगर. मी सांगणारी. मी सांगेन तसं जग व्हायचं आणि अधूनमधून देवीला भूक लागायची. मग ती केस मोकळे सोडून, पाय दुमडून, हातांवर सरकत यायची, आणि बोलायची श्वास आत ओढत, घोगऱ्या आवाजात. तो आवाज आम्ही दोघींनी नळापाशी घासून घासून तयार केला होता. तिने तळहात दाखवले की हात जोडायचे. जोडले की ती खात नाही. हा नियम तिने स्वतःही कधी मोडला नाही. चिडली असली तरी.

तिचा बाप खात्यात संचे चालवायचा. सुरतेत मागाला संचा म्हणतात. बारा तास त्या खडखडाटात उभा राहून माणूस घरी येतो तेव्हा त्याला हळू बोलता येत नाही, एवढं मला समजत होतं. पण त्याला हळू काहीच करता येत नव्हतं. भाकरी करपली, पाणी भरलेलं नाही, सदरा वाळला नाही, काहीही पुरायचं. तो आवाज भिंतीतून आमच्याकडे यायचा. माझी आई भांडी जोरात आपटायला लागायची. चाळीतल्या इतर बायका दार लोटून घ्यायच्या. सकाळी तिच्या गालावर बोटं उमटलेली असायची आणि नळावर कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. मला त्या सगळ्यांचा राग यायचा आणि अजूनही येतो.

खात्यातले माग पुन्हा सुरू झाले होते. एका दुपारी आमचा खेळ कडुनिंबाखाली रंगात आला होता. डोंगर खाऊन झाला होता, म्हैस रांगेत होती. तिचा बाप पाळी संपवून आला, घरात चूल थंड. तो तसाच बाहेर आला आणि हात उगारून तिच्याकडे निघाला. आम्ही सगळे पळालो. ती पळाली नाही, कारण खेळात देवीला पायच नव्हते.

तिने तशीच बसून दोन्ही तळहात त्याच्यासमोर धरले. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी मना पाय खादात. मनी पोरे खादीत. तू कोन शेस?"

त्याचा हात वरच राहिला. मग दुसरा हात वर गेला, आणि त्याने दोन्ही जोडले.

ओट्यावर धान्य निवडणारी एक म्हातारी पहिली उठली. "माय उनी वं," ती म्हणाली, "गाळनी माय उनी." माय आली म्हणून तिने जमिनीवर डोकं टेकलं. तिच्यामागे बाकीच्या. गावच्या देवी गावाला राहिलेल्या, इथे परक्या मुलखात नवस कुणाला बोलायचा, आणि पूर तर सगळ्यांनी पाहिलेला. त्यांना पटायला वेळ लागला नाही. संध्याकाळपर्यंत कडुनिंबाखाली गाळाचा एक गोळा बसला, त्याला हळदकुंकू लागलं. आई गेल्यापासून त्या मुलीला पहिल्यांदा कुणीतरी ताट वाढून दिलं.

मग ते वाढतच गेलं. मंगळवारी बायका यायच्या. सकाळी नळावर ती माझ्याजवळ हंडा टेकवून हळूच विचारायची, "आज कोपरावाली येई. तिना पोऱ्याले ताप शे. काय सांगू?" मी सांगायचे. आम्ही ठरवलं होतं की देवी कुणाला काही देणार नाही, अंगारा नाही, औषध नाही. फक्त आपण काय काय खाल्लं ते सांगेल. पण तापाच्या पोरासाठी मी तिला सांगितलं, "म्हण, मोठ्या दवाखान्यात जा, तिथलं पाणी मी प्यायलेय." कोपऱ्यातली बाई मुलाला घेऊन निमूट दवाखान्यात गेली. डॉक्टरचं जे ती कधी ऐकत नव्हती ते तिने देवीचं ऐकलं. मला फार मजा वाटली. आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा बंद झाला होता. बाप दारात आला की आधी हात जोडायचा, मग चपला काढायचा.

हे बाबांपर्यंत पोचणारच होतं. चाळीत आम्हा बौद्धांची मोजकी घरं. बाबा रोज संध्याकाळी वंदना घ्यायचे आणि वंदना झाली की मला पेपर मोठ्याने वाचायला लावायचे. त्यांना वाचता यायचं, पण माझ्याकडून ऐकायला आवडायचं. अडलेला शब्द मी बरोबर उच्चारला की ते आईकडे बघायचे. मी शिकून मोठी होईन, एवढी एकच हौस त्या माणसाने केली. आणि त्यांच्याच दारासमोर गाळाला कुंकू लागत होतं. त्यात एका पोराने, जो आमच्या खेळात म्हैस व्हायचा, त्यांना सरळ सांगून टाकलं की देवी त्यांच्याच मुलीने बनवली आहे.

मंगळवारी बाबांनी मला दंडाला धरून कडुनिंबाखाली नेलं. बायका बसल्या होत्या. तिचा बापही होता, एका बाजूला उभा. ती मध्ये, केस मोकळे. बाबांचा आवाज चढलेला नव्हता.

"यांना सांग," ते म्हणाले. "ही गोष्ट तू रचलीस का न्हाई?"

तिने माझ्याकडे पाहिलं. देवीला डोळे नसतात, म्हणून ती खेळात कधी कुणाकडे बघायची नाही. त्या दिवशी बघितलं. मी हो म्हटलं असतं तर ती पुन्हा नुसती मुलगी झाली असती, तीही फसवणारी. आणि तिचा बाप तिथेच चार हात अंतरावर उभा होता.

खोटं बोलणार नाही, हे शील मी रोज संध्याकाळी बाबांशेजारी बसून म्हणत होते. मी म्हटलं, "मी काही रचलं नाही. ती सांगते तेच मी ऐकलं." एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण बायका कुजबुजत होत्या, म्हणून मी तिच्यापुढे हात जोडले आणि डोकं टेकवलं.

बाबांनी मला मारलं नाही. त्यांनी कधीच कुणाला मारलं नाही. ते घरी गेले. संध्याकाळी वंदना झाली, पेपर त्यांनी उचलला आणि स्वतःच, मनातल्या मनात वाचायला लागले. दुसऱ्या दिवशीही. मग ते तसंच सुरू राहिलं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण पश्चात्ताप झाला नाही. आजही ती वेळ आली तर मी डोकं टेकवीन.

तिचं लग्न ठरेपर्यंत देवी टिकली. तोवर आम्ही दोघी साडीत आलो होतो आणि सहा पोरं खाण्याची गोष्ट सांगताना आम्हाला हसू यायचं. सासर शिरपूरकडचं. हळदीच्या दिवशी ती मला म्हणाली, "तठला लोकस्ले आपला खेळ ठाऊक नही." मी म्हटलं, तिथे त्याची गरजच पडणार नाही. मला दुसरं काय म्हणता येणार होतं?

पाठवणीच्या गडबडीत तिचा बाप नळापाशी तोंड धूत होता. मला बघून त्याने उपरण्याने तोंड पुसलं आणि सहज बोलल्यासारखा बोलला, "तू तवय सांगं नही ते बरं करं, माय. माले ठाऊक व्हतं. तुमना खेळ मी देखेल व्हता. हात जोडा का ती खास नही."

इतकी वर्षं मला वाटत होतं की आम्ही त्याला फसवलं.

"मना हात मनाघाई थांबे नही," तो म्हणाला. "जोडी लिधा, तवय थांबना."

म्हणजे त्याचा हात त्याला स्वतःला आवरत नव्हता. दुसऱ्याचं बघून हात जोडता येतात तर आधी का नाही जोडले, हे विचारायचं होतं. पण वऱ्हाड निघालं.

पहिल्या दिवाळीला ती आली तेव्हा तिचं उजवं मनगट वाकडं होतं. हाड गावातच कुणीतरी बसवलं होतं आणि चुकीचं बसवलं होतं. नळावर हंडा तिला डाव्या हाताने उचलावा लागत होता. मी विचारलं. तिने रडत-बिडत काही सांगितलं नाही.

"मी दोन्ही हात पुढे करात," ती म्हणाली. "त्यानी ते धरी लिधात."

मी घरी आले तेव्हा बाबा पेपर वाचत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी पहिल्या गाळापासून. देवी मी रचली, तेव्हा खोटं बोलले, आणि का बोलले. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग विचारलं, "मंग तिकडं का चाललं न्हाई?" मी म्हटलं, तिकडे कुणाला नियम माहीत नाही. ते उठले आणि तिच्या बापाकडे गेले. मुलीला परत पाठवू नका, आमच्या घरी ठेवा, वकील बघू, असं काय काय बोलले. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. तिच्या बापाचा आवाज मात्र आला नाही.

भाऊबीज झाल्यावर जावई तिला न्यायला आला. चहा प्यायला, लावून दिलेलं पान खाल्लं. ती पिशवी डाव्या हातात घेऊन दाराशी उभी राहिली. आम्ही सगळे ओट्यावर होतो, बाबाही. तिचा बाप पुढे झाला. त्याने जावयासमोर दोन्ही हात जोडले, छातीशी, अगदी खेळात जोडतात तसे, आणि खाली बघत तसाच उभा राहिला.

जावयाला वाटलं, म्हातारा निरोप देतोय. त्यानेही घाईघाईने हात जोडले, आणि तिला म्हणाला, "चल, गाडी चुकी जाई."