मागची सीट

दुपारी आमरस अंमळ जास्तच झालेला. जयवंत पंख्याखाली आडवा होतो, पण डोळा लागत नाही. संध्याकाळी त्याला रस्ता-उत्सवात बोलायचं आहे. उन्हाळाभर दर रविवारी कोल्हापुरातला एक मोठा रस्ता गाड्यांना बंद करतात, मग तिथे दोरीउड्या, खडूची चित्रं, ढोल, सायकली असा नुसता धुमाकूळ. आजचा रविवार शशिकांतच्या आठवणीचा. शशिकांत त्याचा जिवलग मित्र, इतिहासाचा प्राध्यापक, जन्मापासून आंधळा, थंडीत गेला. दोघं मिळून दोन सीटची सायकल चालवायचे, जयवंत पुढे, शशिकांत मागे. मंदावहिनींनी, म्हणजे शशिकांतच्या बायकोने, बजावून ठेवलंय, की कोकणच्या सफरीचं सांगा, समुद्राचं सांगा.

आणि तिथेच तर गोम आहे. वाटेत समुद्र नव्हताच. मागच्या मे महिन्यात रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने विजयदुर्गला जायचं ठरलेलं. पहिलाच चढ बघून जयवंतच्या गुडघ्यांनी हात टेकले आणि त्याने गुपचूप सायकल हायवेला घातली. वर दिवसभर मागे वळून वळून लाटा काय, होड्या काय, वर्णन करत राहिला. हे ट्रक कुठले, असं शशिकांतने विचारलं तर किनाऱ्याला लागूनच हायवे जातो म्हणून ठोकून दिलं. पुढे शशिकांत भेटेल त्याला तो समुद्र सांगत सुटला, आणि हा शेजारी उभा राहून मान डोलवायचा. आठवलं की जयवंतला अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पंख्याच्या घरघरीत सायकलच्या चेनचा आवाज मिसळतो. जयवंत उत्सवाच्या रस्त्यावर उभा आहे. समोर हाफ पॅंट घातलेला शशिकांत, हातात सायकल. तो मेलाय हे जयवंतला ठाऊक आहे, पण ते बोलून दाखवणं बरं दिसणार नाही.

"आज तू मागे बस," शशिकांत म्हणतो.

जयवंत निमूट बसतो. मागचं हँडल धरतो आणि दिसायचं थांबतं. डोळे उघडे आहेत, दिसत काही नाही. ढोल बंद पडतात. तापलेल्या डांबराचा वास येतो, एक ट्रक अंगावर वारा टाकून जातो. हा हायवे आहे हे त्याला कळतं. आता शशिकांतनेही समुद्राची थाप मारावी, म्हणजे फिटंफाट होईल, असं त्याला वाटतं.

"डावीकडे पंक्चरचं दुकान," शशिकांत पुढून सांगतो. "मालक टायरवर बसून कलिंगड खातोय. बिया कुत्र्यावर उडवतोय, कुत्रं वैतागलंय. आता अर्धवट पूल आला, सळया वर आल्यात. ही बाई करवंदं विकते. इथं तू थांबला नाहीस."

सगळं खरं आहे. जयवंतला तसंच उतरून पळून जावंसं वाटतं, पण पाय पॅडलवर फिरत राहतात.

"तुला कळलं होतं?"

"राजापूरला कंडक्टर गावाचं नाव ओरडला तेव्हा अख्ख्या स्टँडला कळलं की. राजापूरला कुठला आलाय समुद्र?"

"मग सगळ्यांना समुद्राचं का सांगत फिरलास?"

"तू दिलंस तेच सांगणार ना. दुसरं काय होतं माझ्याकडे?" शशिकांत चढावर जोर लावतो. "समुद्र हुकला त्याचं काही नाही रे, जया. पण हा रस्ता माझा होता. दिवसभर पाय मारले मी त्यावर. आणि तू मला त्यातला एक दगड दाखवला नाहीस."

माफ कर म्हणायला जयवंत तोंड उघडतो. "खड्डा!" शशिकांत ओरडतो. जयवंत हँडल गच्च आवळतो.

तो जागा होतो. उशी घामाने भिजली आहे, तळवे चुरचुरतात. दोन्ही तळव्यांवर आडवे लाल वळ उठलेत, हँडलच्या मुठीवरच्या रबरी कड्यांचे. पुढच्या हँडलला गुळगुळीत पट्टी आहे. कडी फक्त मागच्याला, आणि ते त्याने जन्मात धरलेलं नाही.

बायको फोन आणून देते. मंदावहिनी आहेत. शशिकांतच्या विद्यार्थ्यांनी निळ्या खडूने अख्ख्या रस्त्यावर समुद्र काढलाय, लवकर या, असं त्या सांगतात.

"वहिनी, थोडी जागा काळीच ठेवायला सांगा. तिथं रस्ता मी काढतो."

"कसला रस्ता, भावजी?"

जयवंत फोन दुसऱ्या हातात घेतो. त्याही तळव्यावरचे वळ अजून तसेच आहेत.

"आम्ही खरोखर गेलो तो," तो म्हणतो. "पंक्चरच्या दुकानापासून सांगतो."