बायोस अपडेट आणि हळद-कुंकू

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय.

सईवर माझा जीव आहे. आज खारघरला तिच्या घरी तिचा पीसी जोडत होतो. कॉलेज सोडलेल्यालाही काहीतरी येतं, हे तिच्या आईला, म्हणजे काकूंना, दाखवायचं होतं. पीसीचं कॅबिनेट एवढंसं, की ग्राफिक्स कार्ड बसवताना बोटं सोलली. शेवटी बायोस, म्हणजे मदरबोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेटला लावलं आणि दोघींना बजावलं, "मध्ये बंद पडलं तर मदरबोर्ड मेला!"

पाणी पिऊन येतो, तर काकूंनी बटण बंद केलेलं! हातात हळद-कुंकू. "नवीन मशीन, पूजा नको? शॉक बसू नये म्हणून बंद केलं रे."

बोर्ड मेला. मी ओरडलो, "अक्कल आहे का तुम्हाला?"

सई म्हणाली, "बोर्ड दुसरा मिळेल. तू नीघ."

पनवेलला घरी आलो तरी राग काकूंवरच आहे. पण सईने फोन उचलायला हवा असेल, तर माफीही काकूंचीच मागावी लागणार. दात-ओठ खात माफी कशी मागतात, सांगा कुणीतरी!