पंचवीस ग्रॅमचा हात

फोन आला तेव्हा मी सोनाराच्या काट्यासमोर बसले होते. कळंबच्या आमच्या दातांच्या दवाखान्यात हा काटा आमच्या डॉक्टर मॅडमनी आणलेला. दात आणि हिरडीमधली फट किती खोल गेलीय ते मोजायची बारीक सळई, आमचा प्रोब, रोज सकाळी काट्यावर टेकवायचा आणि बरोबर पंचवीस ग्रॅमवर हात थांबवायचा. मगच पहिला पेशंट. "सळई तीच असते गं, दाबणारा हात बदलतो," म्हणायच्या. फोनवर त्यांचे भाऊ एवढंच म्हणाले, "ताई गेली." माझा हात काट्यावर तसाच राहिला...

नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. लई कडक बाई! माझा आकडा जरा चुकला की पेशंटसमोरच परत मोजायला लावायच्या, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दोन वर्षांपूर्वी उसाच्या सीझनमध्ये तोडणीवाल्यांची एवढी गर्दी, की काट्यावर बसायला वेळच मिळेना. त्याच दिवसांत निमगाव सावाच्या हौसाबाई आल्या. मिश्री लावून लावून हिरड्या खराब झालेल्या. मी मोजलं, सहा मिलिमीटर. मी सांगायच्या आत मॅडमनी मोजलं, आठ. सहा असता तर दात राखता आले असते. एक्स-रेचं मशीन नेमकं बंद. मग मी काय केलं? मॅडम कशा चुकतील, माझाच हात कच्चा, असं म्हणून सळई जोरात दाबली, आठ आणले आणि वहीत लिहिले. मॅडमनी दोन दात काढले.

महिन्याभराने त्या काट्यावर बसल्या. साठ ग्रॅम. परत दाबलं, पासष्ट. हाताच्या नसांचा आजार आत शिरला होता, बोटांना दाब कळेना झाला होता, आणि त्यांना पत्ताच नव्हता. त्यानंतर त्यांनी प्रोब धरला नाही. वही काढून त्या महिन्यातले सगळे पेशंट परत बोलावले, मला मोजायला लावलं. हौसाबाईंचं मोजायला काही उरलंच नव्हतं. "आता एका अंगानंच भाकर चावती," एवढंच त्या म्हणाल्या, तेही न रागावता. मॅडम मान खाली घालून ऐकत होत्या.

पारगावला, त्यांच्या भावाकडे, आमची शेवटची भेट झाली. हात पांघरुणात होते. म्हणाल्या, "खरं सांग. हौसाबाईंचा तुझा पहिला आकडा किती होता?"

"आठच, मॅडम."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, चला, जिवाला बरं वाटलं त्यांच्या. आता तसं वाटत नाही. माझा चुकलेला आकडा त्या नऊ वर्षं नुसत्या आवाजावरून ओळखत आल्या होत्या, हाही ओळखलाच असणार...

रोज सकाळी मी काट्यावर बसते. हात पंचवीसवर येतो, थांबतो. मागे त्यांची खुर्ची रिकामी असते, तरी परत मोज म्हणून कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. मग मी मोठ्याने सांगते, "सहा, मॅडम. सहा होता."