कपाटाच्या दारातली देवी

मुलांनो, तुमच्या आईने मला फोनवर एकदाच विचारलं होतं, "आई, नळी नको हे कुणी ठरवलं?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांनी." ते खोटं नव्हतं, पण पुरतंही नव्हतं. तुम्ही दोघं अडखळत का होईना मराठी वाचता, म्हणून साधं लिहिते आहे आणि क्रमाने लिहिते आहे. क्रमाशिवाय मला जमत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

रत्नागिरीत हे घर बांधलं तेव्हा आजोबांना स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात देव्हारा हवा होता. मला तिथे पुस्तकांचं शेल्फ हवं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, पावसाळ्यात माझे शब्दकोश बुरसत होते, आणि घरचे देव गावी थोरल्या दिरांकडे होतेच. शेल्फ झालं. आजोबांनी आपल्या कपड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून एक खिळा मारला आणि गावच्या देवीचा चौकटीतला फोटो त्यावर अडकवला. रोज आंघोळ झाली की कपाट उघडून ते मिनिटभर उभे राहायचे.

"सदरा सापडला का?" मी मागून विचारायचे.

"सापडेल. घाई काय आहे?"

चाळीस वर्षं हे असंच चाललं. माझ्या विचारण्यात खवचटपणा होता आणि त्यांच्या उत्तरात तो कधीच नव्हता, हे मला आता जाणवतं.

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पाण्याचा घोटही ठसका लागल्याशिवाय उतरेना. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून घरी पाठवलं. त्या नळीतून मी दर तीन तासांनी पातळ अन्न देत असे, वही ठेवून, वेळ लिहून. त्यांनी डाव्या हाताने ती नळी दोनदा ओढून काढली. दुसऱ्यांदा रक्त आलं. नर्सने येऊन ती परत घातली आणि म्हणाली, "आजी, हात बांधून ठेवा."

मी माझी एक जुनी सुती साडी फाडली आणि तिच्या पट्टीने त्यांचा हात पलंगाच्या कडेला बांधला. मनगटाखाली रुमालाची घडी ठेवली, गाठ सैल आहे ना ते बोट घालून पाहिलं. सगळं नीटनेटकं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग तोंड भिंतीकडे वळवलं.

आठवड्याने डॉक्टर म्हणाले, "नाकातली किती दिवस ठेवणार? पोटात थेट नळी बसवू. या वयात भूल द्यायची म्हणजे खात्री नाही देता येत. पण तोंडाने भरवलंत तर अन्न फुप्फुसात जाणार. उद्या सकाळी अकरापर्यंत सांगा." तुमच्या आईला फोन केला. ती रडत म्हणाली, "आई, तू तिथे आहेस. तू ठरवशील ते मला मान्य आहे."

मला कुणीतरी मान्य न करणारं हवं होतं. भांडणारं.

त्या दुपारी दवाखान्यात न्यायला सदरे काढावेत म्हणून मी त्यांचं कपाट उघडलं. दारात देवी होती. काचेवर कुंकवाचे थर, चौकटीच्या खाचेत तांदळाचे दाणे. मी फोटो काढला. शेल्फचा मधला कप्पा रिकामा केला, शब्दकोश जमिनीवर ठेवले, फळी ओल्या फडक्याने पुसली. इस्त्रीचा पांढरा रुमाल अंथरला. देव्हाऱ्यात काय काय लागतं ते मला धड माहीत नव्हतं. तांब्याचं ताम्हन होतं, लोणच्याच्या वाटीत तेल घालून वात लावली, अंगणातली तगर आणली, नारळ ठेवला. त्यांचा चष्माही ठेवला. का, ते सांगता येणार नाही. मग शेल्फ आणि पलंग यांच्या मधलं दार सताड उघडलं, म्हणजे त्यांना पडल्या पडल्या दिसेल.

आमच्याकडे कौल लावतात. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल. देवाला प्रश्न विचारायचा आणि मूर्तीच्या दोन बाजूंना भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. नवी सून म्हणून गावी गेले होते तेव्हा मी हे पाहिलं होतं आणि मनात हसले होते.

मी तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून काचेवर लावल्या, एक इकडे, एक तिकडे. हात जोडले. "नळी बसवू का?" एवढंच विचारलं. आवाज मोठा झाला असावा, कारण पलंगावर त्यांनी मान हलवली. मी घड्याळ पाहत उभी राहिले. अकरा मिनिटांनी डावीकडची पाकळी घसरली आणि रुमालावर पडली.

नाही.

मला हायसं वाटलं. भूल, ऑपरेशन, परक्या खाटेवर त्यांचं संपणं, सगळं टळलं होतं आणि टाळणारी मी नव्हते. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी झोपले.

सकाळी नऊला आमच्याकडे कामाला येणारी बाई आली. ती भाट्याच्या किनाऱ्याकडची, घरची माणसं मासेमारीला जाणारी, बोलायला तिखट. झाडू हातात घेऊन ती शेल्फासमोर थांबली.

"काय वो बाई, तुमी नि देव? आता सूर्य कुठनं उगवला तो बगायला हवा." मग वाकून तिने रुमालावरची पाकळी पाहिली. "चांगला झाला. देवीन उजवा दिलान."

"डावा," मी म्हटलं.

"डावा कसा? अवो, उजवा म्हंजे देवीचा उजवा. ती तुमच्याकडं तोंड करून हाय ना? एवढ्या पोरांना शिकवलात नि तुमाला डावा-उजवा कळत नाय?"

मी फोटोकडे पाहिलं. देवीचा वर केलेला उजवा हात माझ्या डावीकडे होता. पाकळी त्याच्याच खाली पडली होती.

"परत लावते," मी म्हटलं.

"तसा नाय चालत. एकदा दिलान म्हंजे दिलान. देवी काय तुमची शाळा हाय, पेपर परत तपासायला?" एवढं बोलून तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय इचारलात हो बाई?"

मी सांगितलं. ती झाडू घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

साडेनऊ वाजले होते. होय म्हणायचं असेल तर अकराच्या आत फोन करायला हवा होता. मी फोन उचलला, ठेवला, परत उचलला. देवीला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. वळून पाहिलं तर आजोबा माझ्याकडे बघत होते. हात बांधल्यापासून पहिल्यांदाच भिंतीकडे नाही, माझ्याकडे.

मी फोटो घेऊन पलंगापाशी गेले. नव्या पाकळ्या लावल्या. कामाच्या बाईने बजावलेलं मी मोडत होते, पण या वेळी मी देवीला विचारत नव्हते. त्यांच्या हाताची गाठ सोडली. मनगटावर पट्टीचा वळ उठला होता. चौकट त्यांच्यासमोर धरून मी म्हटलं, "अहो, तुम्ही सांगा. नळी हवी असेल तर ही पाकळी पाडा. नको असेल तर ही."

त्यांनी हात उचलला. तो हळूहळू काचेपर्यंत आला आणि एका फटक्यात दोन्ही पाकळ्या पुसून गेला.

"असं नाही," मी रडायला लागले. "एक सांगा ना. एकच."

तो हात तिथून वर गेला, नाकाकडे. बोटांनी नळी पकडली. सावकाश पकडली, मुलांनो. मी चौकट बाजूला ठेवून त्यांचं मनगट धरू शकले असते, तेवढा वेळ होता. त्यांनी नळी पूर्ण ओढून काढली, चादरीवर टाकली, आणि तोंड उघडलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन पेज गरम केली. पहिल्या चमच्याला जोराचा ठसका लागला. दुसरा उतरला. अकराला फोन वाजला आणि मी "नको" म्हटलं.

पुढे ते सतरा दिवस होते. पेज, मऊ भात, नारळाचं दूध, अर्धा अर्धा चमचा. शेवटचे तीन दिवस तापाचे होते, आणि छातीतला तो आवाज शेजारच्या खोलीतही ऐकू यायचा. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं तेच झालं.

त्या दोन पाकळ्या त्यांनी चिडून पुसल्या की हाताला नेम धरता आला नाही, हे मला माहीत नाही. नळी नको म्हणून काढली की नुसती टोचत होती म्हणून, तेही नाही. देवीचं उत्तर मला हवं तसं मी वाचलं होतं, मग त्यांचंही तसंच वाचलं नसेल कशावरून? रोज आंघोळ झाल्यावर मी शेल्फासमोर उभी राहते. काही विचारत नाही. चष्मा पुसते, फुलं बदलते आणि देवीच्या उजव्या हाताकडे पाहते. तिने होय म्हटलं होतं.