मानशीपासून पन्नास पावले

गोव्यात म्हापशाला चोपड्याची बस धरली तेव्हाच मी ठरवले होते, ऊद (पाणमांजर) पाहिल्याशिवाय परतायचे नाही. मी सोलापूरची, साठी उलटलेली. घरात माझ्या हट्टापुढे कुणाचे चालत नाही. उदाचेही चालणार नाही, अशी माझी खात्री होती.

चोपड्याला उतरून शापोरा नदीच्या बांधावर गेले. एका अंगाला भरतीने फुगलेली नदी, दुसऱ्या अंगाला सखल भातशेते आणि तळे. मध्ये बांधातच मानस, म्हणजे खारे पाणी अडवणारे लाकडी दार. दाराच्या आतल्या बाजूला, दगडावर, उदाचे पिल्लू केविलवाणे ओरडत होते. त्याची आई पलीकडे नदीत. डोके वर काढी, शीळ घाली, पुन्हा बुडी मारी. माझा जीव कळवळला.

मानस राखणारे शाणूबाब तिथे जाळे बांधत होते. मी म्हटले, "दार उघडा हो!"

"आता उगडलें जाल्यार खारें पाणी शेतात भरतलें, काकी. सुकती (ओहोटी) लागली की तें आपशीच (आपोआप) उगडटा."

उघडल्यावर वाहत्या पाण्यातले मासे याच जाळ्यात येतात, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे पिल्लूही जाळ्यातच जाणार!

"मग जाळे काढा."

"आनी सांजचें नुस्तें (मासे) तुमी दितल्यात?"

मी तिथेच बांधावर ठाण मांडून बसले. तासभराने वैतागून त्यांनी जाळे सोडून घेतले. परतीची ठरलेली बस केव्हाच गेली होती, आता शेवटचीच उरली होती.

ओहोटी लागली, दार करकरत उघडले आणि पाणी धो धो बाहेर धावले. पिल्लू घाबरून आणखी वरच्या दगडावर चढले. आता त्याला जरा ढकलावे म्हणून मी छत्री घेऊन खाली उतरू लागले.

तेवढ्यात शाणूबाबांची बायको चहा घेऊन आली. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा नदीकडे. "काकी, तुमी हांगा उबी रावल्यार आवय (आई) कशी येतली? पयस सरा."

मी ओशाळले. आम्ही तिघेही पन्नास पावले मागे गेलो. चहाचा दुसरा घोट घेते न घेते, तोच ती आई बांधावर आली. अंग झटकले, आमच्याकडे रोखून पाहिले, पिल्लाची मानगूट धरली आणि ओल्या मोज्यासारखे ते लोंबकळवत बांध ओलांडून नदीत उतरली. मी टाळ्याच पिटल्या.

"जाळें काडूंक लायलें," शाणूबाब कपाळाला हात लावून म्हणाले, "आनी ती गेली बांदावयल्यान!"

शेवटच्या बसने म्हापशाला परतताना सोलापूरहून यजमानांचा फोन आला. पिल्लू सुटल्याचे ऐकून त्यांनी विचारले, "मग तू काय केलेस?"

"बाजूला झाले."

ते म्हणाले, "तू?"