मास्तर काठावर

पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सर निघाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "लहान आहे, संथ आहे. लगेच काढायलाच हवं असं नाही. तपासत राहू." मास्तरांना ते पटलंही होतं. बायकोलाच पटलं नाही.

"घरात साप निघाला तर तो संथ आहे म्हणून ठेवतं का कुणी? काढून टाका एकदाचा!"

तिच्या तोंडापुढे मास्तरांचं कधी चाललंय? ऑपरेशन झालं. कॅन्सर गेला. पण लघवीसाठी घातलेली नळी काढल्यावर कळलं, लघवीवरचा ताबाही गेला होता. खोकला आला, हसू आलं, बादली उचलली, की कपडे ओले. पॅड लावून तलावात कसं उतरायचं? मास्तरांनी शिट्टी खुंटीला अडकवली. रात्री ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे. नवरा-बायकोतलंही काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनीही फरक पडला नाही.

जाऊबाई म्हणाल्या, "जीव वाचला ना, नशीब समज." ती हो म्हणाली आणि मोरीत जाऊन चादर चोळत बसली. आपल्या भीतीपायी आपण धडधाकट माणूस घरी बसवला, हे तिला आतून कुरतडत होतं.

एकदा दारात आलेल्या पालकांना तिनं सांगितलं, "मास्तरांची पाठ धरलीय." ते गेल्यावर मास्तर म्हणाले, "पाठ कशाला? खरं सांगायचं होतंस."

तिला रडू फुटलं. "मीच ढकललं तुम्हाला."

"ढकललंस खरं. राग आला होता मला तुझा, खूप. पण ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली. भीती मलाही होतीच की."

तो राग ऐकून तिला उलट मोकळं वाटलं. मग दोघं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जाऊ लागले. ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे. महिने गेले. गळणं कमी झालं, थांबलं मात्र नाही. गोळ्यांचा नाद त्यांनी सोडला. पण आता ते तिच्याकडे तोंड करून झोपतात.

मास्तर परत तलावावर जातात. पाण्यात उतरत नाहीत, काठावरून शिकवतात. ती सोबत जाऊन बाकावर बसते. दर तपासणीत रिपोर्ट चांगला येतो, आणि दर वेळी तिच्या मनात येतं: न कापताही असाच आला असता का? याचं उत्तर डॉक्टरांकडेही नाही.

काल एका शिकाऊ काकांनी पोटावर सपकन उडी मारली आणि मास्तर खदखदून हसले. हसता हसता दचकले, तिच्याकडे पाहिलं. बाकावरून तिनं जादा पँटची पिशवी वर केली. त्यांनी मान हलवली: नको.

तिनं पिशवी मांडीवर ठेवली, पण हात पिशवीवरच राहिला.