भुसावळला गेलेली कुंची

लोणावळ्याच्या रेल्वे चाळीत रोशनबीच्या सुईतून सुटलेलं मूल शोधून सापडलं नसतं. कुणाच्या घरी पाळणा हलायचा अवकाश, हिची मापं सुरू. स्वतःला तीन मुलगे, तिघेही आडदांड, अंगावर धड सदरा टिकू न देणारे. त्यामुळे चुण्या, झालरी आणि गोंड्यांची सगळी हौस तिनं मैत्रिणींच्या पोरांवर भागवली. पैशाचं नाव काढलेलं तिला खपत नसे. "मी काय शिंपीण हाय व्हय?" असं म्हणून ती अशी बघायची, की समोरचीनं मुकाट्यानं झबलं घेऊन घरी जावं.

या मैत्रिणींत जिवाभावाची एकच, भिंतीला भिंत लावून राहणारी कस्तुराबाई. माहेर औंढ्याचं, पण तिथं आता कुणी उरलेलं नव्हतं. नवरा बजरंग इंजिनावर फायरमन. तिला शालू झाली त्याच्या आगेमागे दहा दिवसांत रोशनबीच्या दिराला नजमा झाली. दोघी पोरी एकाच गोधडीवर लोळल्या. पुढं घाटात विजेची इंजिनं आली, कोळसा ओढणाऱ्यांना इथं काम उरलं नाही आणि बजरंगची बदली थेट भुसावळला झाली. शालू तेव्हा सात महिन्यांची होती. गाडी हलताना रोशनबी खिडकीला धरून चार पावलं चालली. "दर दिवाळीला तिचा कपडा माज्याकडनं!" असं ओरडून सांगितलं आणि मग सगळ्या फलाटासमोर रडली.

माप कुठून आणायचं? नजमा डोळ्यांसमोर होतीच. शालू बाळपणापासून अंगानं तिच्याहून भरलेली, म्हणून नजमाचं माप घ्यायचं आणि दोन बोटं वाढवायची. कपडा गेला की पंधरा दिवसांत भुसावळचं कार्ड येई. अक्षर बजरंगचं, बोल कस्तुराबाईचे. 'कपडा पोचला. शालूच्या अंगाला नीट बसला.' रोशनबीचा नवरा रज्जाक रेल्वेत रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला होता, त्याला वाचता येई. ती त्याच्याकडून दोनदा वाचून घ्यायची आणि मग माझा अंदाज सूतभरसुद्धा चुकत नाही म्हणून चाळभर मिरवायची. सहा वर्षं हे असंच चाललं.

सातव्या वर्षी तिनं शालूसाठी खणाचं परकर-पोलकं शिवलं. त्याच आठवड्यात कुसगावच्या सरूबाईच्या आठ महिन्यांच्या नातवासाठी कुंची केली, डोक्यावरून पाठीवर उतरणारी, मागं जर लावलेली. दोन्ही पुडकी मांजरपाटात शिवून टाकली. रज्जाकनं ड्यूटीवर जायच्या घाईत हाताला लागलं त्यावर पत्ता घातला आणि पोस्टात दिलं. उरलेलं घेऊन रोशनबी कुसगावला गेली. सरूबाईनं टाके उसवले, तर आतून सात वर्षांच्या पोरीचं परकर-पोलकं!

"मावशी, नातवाला पोरगी करून नाचवतीस का काय?" म्हणत सरूबाईची सून हसून लोळली. रोशनबी मात्र पुडकं उचलून तशीच माघारी फिरली. घरी येऊन तिनं रज्जाकचा यथेच्छ उद्धार केला आणि आत्ताच्या आत्ता कार्ड लिहा म्हणून मागं लागली. उद्या लिहितो, परवा लिहितो करत त्यानं दिवस काढले. तेवढ्यात भुसावळहूनच कार्ड आलं.

'कपडा पोचला. शालूच्या अंगाला नीट बसला.'

"परत वाचा," रोशनबी म्हणाली. त्यानं परत वाचलं. तिनं ट्रंक उघडून बघितलं. परकर-पोलकं तिथंच होतं.

"अवो, सात वर्साच्या पोरीला कुंची कशी बसंल?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून लिहिलं असंल," रज्जाक म्हणाला.

हे तिला पटेना. कस्तुरा तोंडावर बोलणारी बाई. की पुडकं उघडलंच नाही? मग आजवरची सहा तरी उघडली होती का? या विचारानं तिचं डोकं तापलं. मग वाटलं, पोरीची वाढ खुंटली असेल, लाजेपायी सांगत नसेल. एकदा असंही मनात आलं, की दुसरं बाळ झालंय आणि आपल्याला कळवलं नाही. रागवावं, की काळजी करावी, हेच तिला कळेना. भाकरी दोनदा करपल्या. शेवटी तिनं रज्जाकला रेल्वेचा पास काढायला लावला आणि परकर-पोलकं बोचक्यात घालून त्याच्याबरोबर भुसावळ गाठलं. त्याला बजरंगकडं शेडमध्ये धाडून ती एकटीच घरी गेली.

दार कस्तुराबाईनं उघडलं. केस पिकले होते. रोशनबीनं तिच्या खांद्यावरून आत नजर टाकली. "शालू कुटं हाय? शाळंत?"

कस्तुराबाईनं पाणी दिलं, खाली बसवलं आणि पेटी पुढं ओढली. आत सहा वर्षांचे कपडे होते, लहानावर मोठा असे रचलेले. सगळे कोरे, एकही कधी धुतलेला नव्हता. सगळ्यांत वर कुंची होती.

"हितं आलो आन् दोन म्हैन्यात गेली. गोवर निगाला," ती म्हणाली. "दिवाळीला तुजं झबलं आलं. तवा कळवणारच व्हते. पर उलगडून बघितलं, तर ती गेली तवाच्यापरीस मोठं. म्या म्हनलं, लोणावळ्यात माजी पोर वाढतीया. वाढू दे."

"मग ही कुंची?"

"वाटलं, तुला कळलं. कुनी सांगितलं आसंल. सहा वर्सं खोटं लिवलं, रोशन. यंदाच तेवडं खरं व्हतं. हीच तिला बसली आसती."

रोशनबीला आधी संताप आला. सहा वर्षं मी शिवलं ते कुणासाठी? मग त्या संतापाचीच लाज वाटली, आणि मग दोन्ही कुठं गेलं ते तिला समजेना. तिनं बोचकं सोडलं. आता हे द्यावं की लपवावं, हेही तिला सुचत नव्हतं.

कस्तुराबाईनं परकर हातात घेतला. उभी राहिली आणि त्याचा काठ जमिनीला टेकवून नेफा वर धरला. वर, जिथं डोकं आलं असतं तिथं, ती बराच वेळ बघत राहिली.

"येवडी झाली?"

रोशनबीनं मान हलवली.

"फुडल्या वर्सी पाटवशील?"

हे बरं की वाईट, मैत्रिणीला यातून ओढून काढावं की राहू द्यावं, कोण सांगणार होतं? रोशनबीच्या तोंडून निघून गेलं, "रंग कुटला घेऊ?"

कस्तुराबाईनं डोळे पुसले आणि कुठल्याही आईनं करावा तसा नीट विचार केला.

"मळखाऊ घे," ती म्हणाली. "ह्या वयात लय मातीत खेळत्यात."